किती वेळा दिवस राहिले?

मोशी
९ जानेवारी २०२५

तनुजाताई,

नमस्कार लिहायला आज हात वळत नाही, तरी लिहिते. तुम्ही तीनदा फोन केलात आणि मी उचलला नाही. वहिनीला आजारपणात नणंदही नकोशी झाली, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. मला बोलताच येत नाही. गळ्याची गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला. दोन-तीन महिन्यांत आवाज येईल म्हणतात. तोवर नुसती कुजबुज. मोबाइल तुमच्या दादांकडे असतो, कारण आजारी माणसाने स्क्रीन बघू नये म्हणे. म्हणून हे पत्र. चाकणच्या कंपनीत माझ्या शेजारी बसून नग तपासते ती कस्तुरा दर रविवारी मला बघायला येते. तीच टपालात टाकील. उत्तर तिच्या आकुर्डीच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

थायरॉइडचा कॅन्सर आहे हे तुम्हाला कळलंच आहे. बरा होणाऱ्यांतला आहे. मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

टाके काढायला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीण फॉर्म घेऊन आली. बायकांना हा कॅन्सर पुरुषांपेक्षा बराच जास्त होतो, त्याचा काही अभ्यास चालू आहे. तिने विचारायला सुरुवात केली. पाळी कितव्या वर्षी आली? किती वेळा दिवस राहिले? किती बाळंतपणं, गर्भपात किती, पिशवी काढली आहे का, कधी? मला बोलता येईना म्हणून शेजारी बसलेल्या तुमच्या आई बोलायला लागल्या.

"दोनदा. येक पोरगी, येक पोरगा. पडलं-बिडलं काई न्हाई."

माझ्याकडे लिहायला पाटीसारखं पॅड दिलेलं होतं. मी त्यावर मोठ्या अक्षरात 'पाच' लिहिलं आणि डॉक्टरसमोर धरलं. आईंनी पॅड माझ्या हातातून काढून घेतलं. "गुंगी हाय अजून तिला," म्हणाल्या. बाहेर रांग होती. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं आणि फॉर्मवर दोन लिहिलं.

एकोणचाळीस वर्षांची बाई आहे मी. माझं पोट, माझा गळा, आणि उत्तर दुसऱ्याचं.

मला पुन्हा जायचं आहे आणि तो फॉर्म दुरुस्त करायचा आहे. नुसतं सांगून उपयोग नाही, दादा आणि आई मला खोटं पाडतील. माझ्या तेव्हाच्या तपासण्यांची फाइल आईंनी तुमच्याकडे दिली, एवढं मला ठाऊक आहे. ती पाठवून द्या.

तुमची
स्नेहल


कराड
२० जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र शाळेतून आल्यावर वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठताय, त्यात आवाजही गेला, मग चिडचिड होणारच. पण वहिनी, राग मनात ठेवू नका, त्याने जखम भरत नाही.

आई जुन्या वळणाची आहे, मान्य. पण ऑपरेशननंतर पंधरा दिवस तिनेच तुम्हाला पेज भरवली, हे दादाने मला सांगितलं. परक्या डॉक्टरसमोर घरातलं बोलायची तिला लाज वाटली असेल, त्यात वाईट हेतू कसला? आणि इतक्या जुन्या गोष्टी सांगून आता काय हाती लागणार? गाठ तर काढून झाली.

तेव्हा मी कॉलेजात होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन्ही वेळा बाळात व्यंग होतं, एवढंच नंतर कानावर आलं. व्यंग असलेलं मूल जन्माला घालणं हेही पापच ना?

फाइल माझ्याकडे नाही. लग्नातली ती ट्रंक मी केव्हाच भंगारात दिली.

नारळपाणी घेत जा. ईश्वरी आणि आयुषला आत्याचे पापे.

तुमची
तनुजा


मोशी
२७ जानेवारी २०२५

तनुजाताई,

फाइल ट्रंकेत होती, हे मी कुठे लिहिलं होतं? मी फक्त फाइल मागितली होती.

आणि 'दोन्ही वेळा' हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या पत्रात 'पाच' एवढाच आकडा होता. दोन मुलं वजा केली तर तीन उरतात. तिघांपैकी एक आपलं आपण गेलं आणि दोन घालवली, हे त्या घरात चार माणसांनाच माहीत होतं. मी, दादा, आई आणि तुम्ही.

तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणता. मग मी आठवण देते. २०१३ चा मे महिना. घाट उतरून पलीकडच्या जिल्ह्यात आपली गाडी गेली. दादा चालवत होते, तुम्ही पुढे बसला होतात, पाच वर्षांची ईश्वरी तुमच्या मांडीवर. मी मागे आईंशेजारी. पाटी नसलेल्या दवाखान्यात मला आत नेलं. यंत्र फिरवून झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन आईंना म्हणाला, "पहिलीसारखंच." बस, एवढंच. त्याच दुपारी त्याने सगळं उरकलं. परतीच्या वाटेवर तुम्ही ईश्वरीला उसाचा रस पाजलात आणि माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, या पोरीला माझ्याकडे बघवत नाहीये. तुमची दया आली होती मला, ताई. मला, तुमची!

व्यंग म्हणे. मी दिवसाला हजार-बाराशे नग तपासते. दोष नसलेला नग मी बाजूला टाकला तर सुपरवायझर संध्याकाळी जाब विचारतो. लोखंडाच्या तुकड्याला जेवढा न्याय आहे तेवढा माझ्या पोटात होता का?

आता ऐका, मोशीत काय चाललंय. डॉक्टरीण गर्भपाताबद्दल विचारत होती, तेवढं आईंनी नीट लक्षात ठेवलं. परवा त्यांच्या बहिणीला ओट्यावर बसून सांगत होत्या, "तिनं आमच्या नकळत गोळ्या खाऊन पोरं पाडली, म्हून गळ्याला आलं." मी आत पडून ऐकत होते. ओरडायला तोंड उघडलं तर शिट्टीसारखी हवा निघाली.

आणि मुख्य गोष्ट. आपल्या अपेक्षाला तीन महिने झालेत. तुमच्या धाकट्या भावाची बायको, माझी एकुलती जाऊ, घरात सगळ्यांत शेवटी जेवते ती. तिची पहिली मुलगी आता तीन वर्षांची आहे. आई पुन्हा घाटापलीकडे गाडी न्यायचं म्हणताहेत. मी अपेक्षाला कागदावर लिहून दिलं की जाऊ नकोस, माझ्यासोबत काय झालं ते हे असं आहे. ती वाचून रडली. मग म्हणाली, "वहिनी, सगळे म्हणतात औषधांनी तुमचं डोकं फिरलंय. तुमच्या बाळात दोष होता असं आई शपथेवर सांगतात. मी कुणाचं खरं धरू? तुमच्याकडं काही कागद आहे का?"

कागद तुमच्याकडे आहे. मेच्या आधी मी इथल्या साध्या दवाखान्यात सोनोग्राफी केली होती, तिचा रिपोर्ट त्या फाइलमध्ये आहे. मला तो कधी वाचू दिला नाही. आता तो फॉर्मसाठी नको, अपेक्षासाठी हवा आहे. उद्याच्या उद्या पाठवा.

स्नेहल


मोशी
१४ फेब्रुवारी २०२५

तनुजाताई,

उत्तर नाही, फाइलही नाही.

मला रेडिओआयोडीनची मात्रा दिली. काही दिवस मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायला सांगितलंय. गच्चीवरच्या खोलीत आहे. डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितले, आईंनी त्याचा महिना केला. अपेक्षा जिन्याच्या तळाशी दिसली तरी तिला हाक मारून आत नेतात. माझ्या आजाराचा त्यांना एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

काल आई खाली अंगणात फोनवर बोलत होत्या. गाडी मंगळवारी, १८ तारखेला ठरली आहे.

हे पत्र मी कस्तुराच्या मुलाकरवी स्पीड पोस्टाने पाठवतेय. मिळताच फाइल घेऊन निघा. पोस्टावर सोडू नका, स्वतः या.

स्नेहल


कराड
१९ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मंगळवारीच. मी दारात उभी राहूनच वाचलं. दादाला फोन केला, त्याने उचलला नाही. धाकट्याने उचलला आणि "आत्ताच आलो, सगळे दमलेत," एवढंच म्हणाला.

ट्रंक मी भंगारात दिलेली नाही. तिच्यात मुलांचे स्वेटर ठेवते. फाइल तिच्या तळाशी होती. लग्नाच्या आधी महापालिकेचे लोक घरोघरी चौकशी करणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आईने ती माझ्या रुखवतात सरकवली. म्हणाली, "हे बाहेर आलं तर तुझं लगीन मोडंल." मी तेवीस वर्षांची होते. मी गप्प बसले. मग गप्प बसायची सवय झाली.

तुमचं जानेवारीतलं पत्र मला ३१ तारखेला मिळालं होतं. त्याच रात्री मी फाइल पाकिटात घातली, पत्ता लिहिला. रोज सकाळी शाळेच्या पिशवीत टाकायची. पोस्टासमोर थांबायची. संध्याकाळी परत आणून कपाटात ठेवायची. आईला तुरुंगात घालतील का, दादाचं काय, इथे सासरी काय सांगू, हेच डोक्यात. अपेक्षाचा विचार मी केला नाही, हे खरं तेच लिहिते. अठरा दिवस केला नाही.

आज पाकीट फोडून रिपोर्ट पहिल्यांदा वाचला. सोळा आठवडे. वाढ योग्य. कोणताही दोष दिसत नाही.

वहिनी, मला वळून बघवलं नव्हतं, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. पण दयेला मी लायक नव्हते. मला गाडीत बसतानाच माहीत होतं कुठे चाललोय ते.

फाइल सोबत आहे.

तनुजा


आकुर्डी
२ मार्च २०२५

तनुजाताई,

फाइल २४ तारखेला मिळाली. सहा दिवस उशिरा.

काय झालं ते सगळं सांगते. तुम्ही वाचाच.

मंगळवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा मी गच्चीच्या कठड्यावर ताट आपटत होते. गल्लीतल्या दोन-चार लोकांनी वर बघितलं. दादांनी त्यांना हाताने 'डोकं फिरलंय' अशी खूण केली. संध्याकाळी अपेक्षाला दोघांनी धरून उतरवलं.

फाइल आली त्या दिवशी मी कोणाला न विचारता खाली गेले. आता तिला माझ्यापासून लांब ठेवायचं कारण उरलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"म्हणजे आई खोटं बोलत होत्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "हा कागद आधी असता तर मी गाडीत बसले नसते वहिनी. मारलं असतं तरी बसले नसते."

हे वाक्य तुमच्यासाठी आहे. मी ते बदललेलं नाही.

मग आई आल्या. कागद बघून त्यांनी ओळखलं. "कुठनं आणला ह्यो?" मी म्हटलं, "तुमच्या लेकीने पाठवला." ताई, माझा आवाज निघाला. घोगरा, कानसीसारखा खरखरीत, पण खोलीच्या बाहेर गेला. आई खाटेवर बसल्या. "मी काय माझ्यासाठी केलं व्हय? धाकट्याला पोरगा नको? घराचं बघाया नको?" मी म्हटलं, "घरात चार बायका आहेत आणि त्यांतली एकही तुमच्या घरात धरलेली नाही. तुम्हीसुद्धा नाही." त्यावर दादा बोलले. काय बोलले ते तुमच्या घरात तुम्ही लहानपणापासून ऐकलंय, मी कागद खराब करत नाही.

२७ तारखेला मी ईश्वरीला घेऊन रुग्णालयात गेले. त्या डॉक्टरणीला शोधून काढलं आणि म्हटलं, माझा फॉर्म काढा, चुकीचा भरलाय. तिला मी आठवत होते. ती खाली बघून म्हणाली, "मी त्या दिवशी पुन्हा विचारायला हवं होतं." मग तिने पहिल्यापासून एकेक प्रश्न विचारला. दिवस किती वेळा राहिले? पाच. बाळंतपणं? दोन. आपोआप पडलेलं? एक. पाडलेले? दोन. तुमच्या इच्छेने? असा रकाना फॉर्मवर नव्हता. तिने समासात लिहिलं: 'इच्छेविरुद्ध'. पिशवी कितव्या वर्षी काढली? तेहतिसाव्या. कोणी सांगितलं होतं? अंगावर जातंय म्हणून घरच्यांनी ठरवलं.

मी तिला सरळ विचारलं, "यामुळेच झाला का हा कॅन्सर?" मला हो ऐकायचं होतं, ताई. खूप हवं होतं. तुमच्या आईच्या तोंडावर नेऊन आपटलं असतं.

ती म्हणाली, "काही अभ्यासांत गर्भपाताचा, पिशवी काढण्याचा संबंध दिसतो. काहींत दिसत नाही. तुमच्या एकटीच्या बाबतीत असं बोट ठेवून मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते शोधायचंय म्हणूनच विचारतो आम्ही."

म्हणजे ओट्यावर बसून आईंनी लावलेला कलंक खोटा, आणि मला हवा असलेला सूडही मिळाला नाही. पण घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या अभ्यासात शेकडो बायका असतील. किती जणींच्या शेजारी बसून कोणीतरी 'दोन' म्हणालं असेल? त्या खोट्या आकड्यांची बेरीज करून उद्या हे शहाणे लोक निष्कर्ष काढणार, आणि तो निष्कर्ष ईश्वरीला लागू होणार!

ईश्वरी दाराशी बसून सगळं ऐकत होती. तिला बाहेर बस म्हणायचं मला सुचलं नाही, किंवा म्हणायचं नव्हतं. मोशीला उतरल्यावर ती म्हणाली, "आई, मी पहिली होते म्हणून राहिले का?"

सोळा वर्षांच्या मुलीला याचं उत्तर काय द्यायचं, ते तुमच्या शाळेत शिकवतात का?

मी म्हटलं, "हो." मग ती घरापर्यंत माझा हात धरून चालली.

त्या घरात मी आता नाही. दोन्ही मुलांना घेऊन कस्तुराच्या मागच्या खोलीत राहते. अपेक्षा मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. आम्ही दोघींनी त्या डॉक्टरविरुद्ध, आणि गाडी नेणाऱ्यांविरुद्धही, आरोग्य खात्याच्या ऑफिसात तक्रार दिली आहे. त्याचा दवाखाना अजून चालू आहे. तो म्हणणार, या बायकांचं सासरशी भांडण आहे, म्हणून खोटं रचताहेत. त्या घरची लेक असलेली आणि तिथे हजर असलेली साक्षीदार एकच आहे.

मी विनवणी करत नाही. सांगतेय.

स्नेहल


कराड
१५ मार्च २०२५

वहिनी,

अपेक्षाचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

दादाचा फोन आला होता. "जबाब दिलास तर माहेर विसर," म्हणाला. आईने फोन घेतला आणि नुसती रडत राहिली. मी तिला विचारलं, आई, तुला एकदाही वाईट वाटलं नाही का? ती म्हणाली, "वाटून काय करायचं व्हतं? माझ्या येळंला कुणाला वाटलं?" मग तिनेच फोन ठेवला. तिच्या वेळेला काय झालं होतं, मी पस्तिशीची झाले तरी मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी.

यजमान म्हणतात, तू या भानगडीत पडू नकोस, उद्या तुझ्यावरही येईल. येईलही. वकिलांना विचारलं तर तेही खात्रीने काही सांगत नाहीत.

मी येते. त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं, डॉक्टर काय म्हणाला, सगळं सांगते. मीच लपवलं, तेही सांगते. फक्त आईच्या समोर मला उभं करू नका.

मला माफ कराल का वहिनी? निदान कधीतरी?

तनुजा


आकुर्डी
२१ मार्च २०२५

तनुजाताई,

माफीचं आत्ता विचारू नका. सकाळी उठल्यावर मला गोळी घ्यायची असते, ती आता जन्मभर घ्यायची आहे, आणि ती गिळताना रोज कोणावर तरी राग येतो. एखाद्या दिवशी आईंवर, एखाद्या दिवशी दादांवर, आणि बऱ्याचदा माझ्यावर, कारण मीही त्या गाडीत आपल्या पायांनी चढले होते. तुमचा नंबर आठवड्यातून तीनदा लागतो. कमी झाला की कळवीन.

आईंच्या वेळेला काय झालं ते मलाही माहीत नाही. मोठंच काही झालं असेल. पण त्यांच्या वाट्याला आलं म्हणून त्यांनी ते माझ्या आणि अपेक्षाच्या वाट्याला आणावं, हे मी समजून घेणार नाही. ते समजून घ्यायचं काम तुम्ही करा, त्या तुमच्या आई आहेत. समोर उभं करायचं की नाही हे माझ्या हातात नाही. उभं केलं तर तोंड फिरवू नका.

गेल्या आठवड्यापासून मी कामावर जाते. कंपनीच्या बसमध्ये अजून कोणी ओरडून बोललं की मला उत्तर देता येत नाही, पण माझ्या शेजारच्या बाया आता माझ्यासाठी हळू बोलतात. त्यांतल्या दोघी परवा जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसल्या. एकीने डबा उघडता उघडता विचारलं, "फॉर्म चुकीचा भरला असेल तर नंतर बदलून देतात का?" मी कुठल्या दवाखान्यात, कोणत्या मजल्यावर जायचं ते सांगितलं. बाकी काही विचारलं नाही.

जबाब बुधवारी, २६ तारखेला अकरा वाजता. अपेक्षा येणार आहे. तिच्याशी गोड बोलायला जाऊ नका, ती बोलली तर बोला.

आधी माझ्याकडे येऊ नका. थेट ऑफिसात या. जबाब देऊन, वाचून, सही करून झाली की मग आकुर्डीला या. मुलांना आत्या हवी आहे, त्यांना मी अडवणार नाही. स्वयंपाक करून ठेवीन.

राहायला सांगणार नाही. जेवून जा.

स्नेहल